बीजवारशाची पायवाट : जालना

वारसा म्हटला की किल्ले, लेणी आणि मंदिरे यांचे स्मरण होते. परंतु शेतकऱ्याच्या मुठीतील बियाणे हाही पिढ्यानपिढ्या जपलेला वारसाच होय. ‘जालना, सोन्याचा पालना’ अशी ख्याती असलेल्या जालना शहराने गेल्या सहा दशकांत बियाण्यांच्या क्षेत्रात देशभर नाव मिळविले. ही कहाणी विद्यार्थी व ग्रामस्थांना चालत चालत पाहता यावी, अशी पायवाट शाळा आणि ग्रामपंचायती मिळून आखू शकतील.

आरंभ

या वाटेचा पहिला टप्पा शहरातच येतो. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाच्या बीजोत्पादनापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये ‘महाराष्ट्र हायब्रिड सीड्स’ ही कंपनी स्थापन केली. काळ अनुकूल होता. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा आणि १९६५ मध्ये एचबी-१ हा बाजरीचा संकरित वाण प्रसारित झाला. १९६६ मध्ये बियाणे अधिनियम संमत झाला. नवे वाण निघाले, तरी त्यांचे शुद्ध बियाणे पुरेशा प्रमाणात तयार करणारे हात हवे होते. ते जालन्याच्या परिसरातील शेतकऱ्यांनी पुरविले. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण हे सन्मान लाभले.

शेतातील धडा

दुसरा टप्पा बीजोत्पादनाच्या शेताचा असावा. कपाशीच्या संकरासाठी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर आदल्या दुपारी हाताने काढून टाकावे लागतात आणि सकाळी नर वाणाचे पराग कुक्षीवर लावावे लागतात. एकेका फुलावर चालणारे हे नाजूक काम मुख्यत्वे स्त्रिया करतात. ज्वारीत मात्र नरवंध्य मादी वाणाच्या चार ओळींनंतर नर वाणाच्या दोन ओळी पेरल्या, की वारा परागीभवनाचे काम करतो. इतर ज्वारीचे पराग येऊन मिसळू नयेत, म्हणून बीजोत्पादनाचे शेत अन्य ज्वारीपासून दूर ठेवतात. एका शेतकऱ्याची पेरणी शेजाऱ्याच्या पिकाची शुद्धता बिघडवू शकते; म्हणूनच बीजोत्पादन हे सहकार्याचे काम आहे.

बदनापूरची अक्षरे

तिसरा टप्पा वाहनाने गाठावा लागेल. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना बदनापूर लागते. तेथील कृषि संशोधन केंद्रातून तुरीचे अनेक वाण बाहेर पडले. ‘बीडीएन ७११’ या लवकर येणाऱ्या वाणाच्या नावातील अक्षरे बदनापूरचीच आहेत. शेतकरी दुकानात ज्या नावाने बियाणे मागतो, त्या नावात आपल्याच तालुक्याचे गाव दडलेले आहे, हे विद्यार्थ्यांना समजणे अगत्याचे आहे.

पिशवीवरील खूण

चौथा टप्पा प्रक्रिया केंद्राचा. येथे बियाणे स्वच्छ करून त्याची प्रतवारी करतात व त्यावर औषध चोळतात. पिशवीवरील खुणचिठ्ठीचा रंगही पुष्कळ सांगतो : पैदासकार बियाण्यास पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी, तर प्रमाणित बियाण्यास निळी खुणचिठ्ठी असते. प्रमाणित ज्वारीची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. शिक्षकांनी घरच्या, औषध न लावलेल्या ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि उगवलेले दाणे मुलांकडून मोजवून घ्यावेत. टक्केवारीचा धडा आपोआप होईल.

जुने जपावे

या वाटेचा शेवट मात्र गावातील जुन्या घरी व्हावा. निवडक कणसे आढ्याला टांगणे, डाळी-कडधान्ये राखेत ठेवणे, कडुनिंबाचा पाला घालणे, ही बीजरक्षणाची विद्या तेथेच टिकून होती. संकरित बियाण्याने उत्पादन वाढविले. पण त्याच्या पिकाचा दाणा पुन्हा पेरला, तर गुण विखुरतात आणि दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. सुधारित सरळ वाणांचे व देशी वाणांचे तसे नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र ज्या घरात बियाणे निवडण्याची दृष्टीच उरली नाही, तेथे तो हक्क कागदावरच राहतो.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातील जुन्या वाणांची नोंद करावी, त्यांचे नमुने शाळेत ठेवावेत आणि ते जपणाऱ्या वृद्ध स्त्री-पुरुषांना या वाटेवरचे मार्गदर्शक म्हणून मानाने बोलवावे. संशोधकाची प्रयोगशाळा आणि आजीची उतरंड ही दोन्ही एकाच परंपरेची टोके आहेत. त्यांना जोडणारी पायवाट जालन्यात निघाली, तर राज्यातील इतर गावांनाही ती अनुकरणीय ठरेल.