जँगोतील कालबाह्य पद्धती : बदलताना काय पाहावे

वालीवच्या औद्योगिक गाळ्यांत यंत्राचा सुटा भाग बाजारातून नाहीसा झाला, की कारागीर नवा भाग आणतो. मात्र बसविण्यापूर्वी त्याचे माप जुन्याशी ताडून पाहतो. संकेतस्थळांच्या बांधणीतही हाच प्रसंग वारंवार येतो. या व्यवसायात असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि जिज्ञासू पालकांसाठी हे टिपण.

संकेतस्थळ उभारण्याची नित्याची साधने आयती पुरविणाऱ्या सांगाड्यास फ्रेमवर्क म्हणतात. पायथॉन भाषेतील जँगो हे त्यांपैकी एक. त्याचे कर्ते कोणतीही पद्धत सहसा एकाएकी काढत नाहीत. प्रथम ती कालबाह्य ठरवितात, काही आवृत्त्यांपर्यंत चालू ठेवतात व मग वगळतात.

मराठीशी जवळचे उदाहरण 'यूगेटटेक्स्ट'चे. पानावरील वाक्याचे भाषांतर मिळवून देणाऱ्या या फंक्शनमधील 'यू' म्हणजे युनिकोड. पायथॉन 2 मध्ये साधा मजकूर ही बाइटांची रांग असे. यूटीएफ-8 मध्ये एकट्या 'क'ची लांबी 3 भरे. पायथॉन 3 मध्ये सर्व मजकूर युनिकोडच असल्याने तो 'यू' निरर्थक ठरला. डिसेंबर 2019 मधील जँगो 3.0 ने हे फंक्शन कालबाह्य ठरविले, डिसेंबर 2021 मधील 4.0 ने काढले. येथे 'यू' पुसून 'गेटटेक्स्ट' लिहिले की काम भागते.

'यूआरएल' या फंक्शनचे तसे नाही. तेही 4.0 मध्ये गेले. त्याजागी सुटसुटीत दिसणारे 'पाथ' लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु जुना पत्ता रेग्युलर एक्स्प्रेशनच्या खुणांनी लिहिलेला असतो आणि 'पाथ' त्या खुणांना साधी अक्षरे समजते. प्रोग्राम चालू राहतो, प्रवेश-अर्जाचे पान मात्र सापडत नाही. तंतोतंत पर्याय 'री-पाथ' हाच. 'इज-एजॅक्स'ला तर तसा पर्यायच ठेवलेला नाही. तेथे आपणास मुळात काय तपासायचे होते, हे नव्याने ठरवावे लागते.

अडचण अशी, की पूर्वसूचना बहुधा पडद्यावर दिसतच नाहीत. पायथॉनला 'डब्ल्यू-ए' हा पर्याय देऊन चाचण्या चालविल्या, तरच त्या समोर येतात. आमच्या मते एका वेळी एकच आवृत्ती चढावी आणि सर्व सूचना मिटल्याखेरीज पुढे जाऊ नये.

बदलाच्या भीतीने जुन्यावरच थांबणे अधिक महाग पडते. जँगो 3.2 च्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल 2024 मध्ये थांबल्या. त्यावर चालणाऱ्या एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळात मुलांची नावे, पत्ते आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक आजही साठत असतील.