लांबचा सायकलप्रवास : नवशिक्यांसाठी चार धडे



सायकल चालविता येणे आणि सायकलवरून लांबचा पल्ला गाठणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला रबाळे ते पेण या वाटेवर उमगले. पेणजवळच्या एका आश्रमशाळेच्या ग्रंथालयासाठी निधी जमवावा म्हणून आम्ही अकरा जणांनी जानेवारीत दोन दिवसांची सायकलफेरी काढली. जाऊन-येऊन अंतर सुमारे १२० किलोमीटर. नात्यातल्या व शेजारच्या मंडळींनी 'किलोमीटरमागे इतके रुपये' असे आकडे वहीत लिहून दिले होते. आमच्यापैकी आठ जणांनी घर ते स्टेशन यापलीकडे सायकल कधी नेलीच नव्हती. मी त्यांतलीच एक. जे साधले आणि जे चुकले, त्यातून निघालेले धडे येथे मांडते.

पहिला धडा सरावाचा. आम्ही सहा आठवडे आधी सुरुवात केली. प्रथम दिघ्यापर्यंत, मग बेलापूरपर्यंत जाऊन परत. अंतर दर आठवड्याला थोडथोडेच वाढवावे. दम लवकर वाढतो, पण सांधे व स्नायुबंध सावकाश तयार होतात; म्हणूनच उत्साहाच्या भरात दुखापत होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर औद्योगिक वसाहतीचे ट्रक व कंटेनर सतत धावतात. ट्रकच्या डाव्या अंगाने कधीही पुढे घुसू नये. वळताना चालकाला तेथला सायकलस्वार दिसत नाही. ब्रेक दोन्ही मिळून दाबावेत. उतारावर नुसता पुढचा ब्रेक एकदम दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

दुसरा धडा सीटच्या उंचीचा, आणि तो मी दुसऱ्याच्या वेदनेतून शिकले. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. माझी मैत्रीण पडायला भीत होती, म्हणून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत एवढी खाली तिची सीट मीच करून दिली होती. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा फार दुमडतो व त्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. हजारो फेऱ्यांनंतर तो ताण बोलू लागतो.

तिसरा धडा खाण्यापिण्याचा. तहान लागण्याची वाट पाहू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. घामावाटे मीठही जाते, म्हणून एका बाटलीत मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी असावे. तासा-तासाने केळे, खजूर किंवा चिक्की खावी. स्नायूंतला साखरेचा साठा दोन-एक तासांच्या जोराच्या श्रमात सरत येतो आणि मग पाय अचानक 'नाही' म्हणतात.

चौथा धडा सर्वांत अवघड. पनवेल सोडल्यावर कर्नाळ्याचा चढ लागला आणि मैत्रिणीचा गुडघा दुखू लागला. ती म्हणाली, "मी थांबले तर माझ्या किलोमीटरांचे पैसे बुडतील." मी थांबवायला हवे होते; उलट म्हणाले, "थोडंच राहिलंय, चल!" खिंड ओलांडल्यावर काही अंतरातच तिला गुडघा वाकवता येईना. सामानाच्या टेंपोतून ती पेणला आली, ती रडतच.

त्या रात्री आमच्या सरांनी बाबा आमटे यांच्या 'भारत जोडो' अभियानाची हकीकत सांगितली. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर निघाले आणि सुमारे ५ हजार किलोमीटर तुडवून एप्रिल १९८६ मध्ये जम्मूला पोहोचले. पुढे १९८८-८९ मध्ये अरुणाचलपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत दुसरी यात्रा झाली. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना पाठीच्या विकारामुळे बसताही येत नसे. ते गाडीत आडवे पडून सोबत होते. सर मैत्रिणीला म्हणाले, "बाई, गाडीत बसल्याने कोणी यात्रेबाहेर जात नाही."

दुसऱ्या दिवशी टेंपोतून तिनेच सर्वांना पाणी पुरविले, पंक्चरचे सामान सांभाळले. आम्हीही सर्वांत मागच्याच्या वेगाने आलो. रबाळ्यास परतल्यावर वही घेऊन मी शेजारच्या आजोबांकडे गेले व मैत्रिणीचे किलोमीटर कमी झाल्याचे चाचरत सांगितले. ते म्हणाले, "अगं, पैसे पुस्तकांसाठी दिले, तुमच्या गुडघ्यांसाठी नव्हे." त्यांनी पूर्ण रक्कम दिली, सगळ्यांनी मात्र दिली नाही. म्हणून सुचविते, की देणगी किलोमीटरवर बांधू नये, ठरावीक रक्कम घ्यावी. म्हणजे दुखणाऱ्याला निःसंकोच थांबता येते.

मैत्रिणीचा गुडघा तीन आठवड्यांच्या विश्रांतीने बरा झाला. तिची सीट आता योग्य उंचीवर आहे. पुढील फेरीस येऊ इच्छिणाऱ्यांनी दिवाळीच्या सुट्टीपासून सरावास लागावे. आणि येण्यापूर्वी आपली सीट एकदा तपासून घ्यावी, ही विनंती.