जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पण वाय-फाय दिसत नाही

प्रश्न : २०११ सालच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं नीट चालतं, पण वाय-फायची यादीच येत नाही. कार्ड बिघडलं असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाईने नवं कार्ड घेऊ नका. आधी लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचं बटण असल्यास ते चालू आहे ना, ते पाहा. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही कमांड द्या. यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसला, तर संगणकाला कार्ड सापडलं आहे. अडलंय ते ड्रायव्हरपाशी. त्यापुढे ब्रॉडकॉमचं नाव असेल, तर हे नेहमीचंच दुखणं आहे. त्या कंपनीच्या अनेक जुन्या चिपांचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे तो वेगळा बसवावा लागतो.

त्यासाठी फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा, इंटरनेट मिळेल. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. पुढे कधी २०१२ नंतरच्या यंत्रावर हीच अडचण आली, तर बायोसमधलं ‘सिक्युअर बूट’ही तपासा, सही नसलेले ड्रायव्हर ते अडवतं.

यादीत कार्डच नसेल, तेव्हाच बिघाडाची शंका घ्या. तेव्हाही लिनक्सवर चालणारा छोटा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर पुरतो. चांगला चालणारा लॅपटॉप एवढ्यासाठी भंगारात काढू नका.