दोन पानांचा शूमान, दोन ओळींची बंदिश

प्रश्न : माझी नात भिलाईत पियानो शिकते. तिच्या बाईंनी तिला रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराच्या छोट्या रचना बसवायला दिल्या आहेत. एकेक रचना दोन-तीन मिनिटांत संपते आणि तरी पुरी वाटते. मी आयुष्यभर खयाल ऐकत आलो. हा शूमान होता कोण? आणि असं छोटं, नेमकं, स्वरलिपीत लिहून ठेवलेलं काम आपल्याकडे कुणी केलं आहे का?
— एक वाचक, दुर्ग

उत्तर : केलं आहे. आणि ते करणाऱ्यांतले एक थोर रचनाकार काही वर्षं तुमच्याच जिल्ह्यात राहिले होते. त्यांच्याकडे येतोच, आधी शूमान.

१८१० साली त्स्विकाऊ या गावी त्याचा जन्म झाला. घरी पुस्तकांचा व्यवसाय, त्यामुळे साहित्याचं वेड लहानपणापासूनचं. वादक व्हायचं होतं, पण उजव्या हाताचं बोट निकामी झालं आणि तो रचनेकडे व लेखनाकडे वळला. १८३४ मध्ये त्याने लाइपझिगला संगीताचं नियतकालिक काढलं. त्यात तो फ्लोरेस्तान आणि युसेबियस अशा दोन नावांनी लिहायचा. पहिला उसळता, दुसरा स्वप्नाळू. गुरूची मुलगी क्लारा वीक ही स्वतः मोठी पियानोवादक. तिच्या वडिलांचा लग्नाला कडवा विरोध, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि १८४० च्या सप्टेंबरात लग्न झालं. शेवटची दोन वर्षं मनोरुग्णालयात काढून १८५६ मध्ये तो गेला.

तुमची नात वाजवते त्या रचना बहुधा १८४८ च्या ‘तरुणांसाठी संग्रहा’तल्या असाव्यात. त्यात ४३ रचना आहेत आणि सुरुवातीच्या काही त्याने थोरली मुलगी मारी हिच्या सातव्या वाढदिवसासाठी लिहिल्या. त्याआधी दहा वर्षं त्याने ‘बालपणीची दृश्यं’ लिहिली होती. त्या तेरा रचना मुलांसाठी नव्हेत, मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेलं बालपण आहे ते. क्लाराला त्याने कळवलं होतं की तीसेक लहान रचना केल्या आणि त्यांतल्या मोजक्या निवडल्या. निम्म्याहून अधिक बाजूला ठेवणारा हा हात मला फार मोलाचा वाटतो.

त्यातली सातवी रचना, ‘स्वप्नरंजन’, नातीला वाजवायला सांगा. लिहिलेली जेमतेम चोवीस तालखंडांची. एक स्वरवाक्य खालून निघतं, वर चढतं, हळूहळू उतरतं. मग तेच वाक्य पुन्हा निघतं, पण आता आणखी वरच्या स्वरापर्यंत जातं. शेवटी त्याच उंच स्वराखाली वेगळाच स्वरसमूह येतो, क्षणभर सगळं थांबतं, आणि मग उतरण. निघायचं ठिकाण एकच, पोहोचायचं दर वेळी निराळं. खयाल ऐकणाऱ्या कानाला यात परकं काही वाटू नये: बंदिशीचा मुखडा आपणही आवर्तनामागून आवर्तन घेतो आणि प्रत्येक वेळी समेवर वेगळ्या वाटेने येतो.

आता आपल्याकडचे रचनाकार. आचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, शिष्यांचे अण्णासाहेब. जन्म मुंबईचा. विष्णु नारायण भातखंडे यांचे ते शिष्य. बडोद्याला उस्ताद फैयाजखाँकडेही शिकले. १९२८ पासून लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, व्हायोलिनवाले व्ही. जी. जोग हे सगळे त्यांच्या हाताखाली घडले. चित्रपटसंगीतातले रोशनही तिथलेच विद्यार्थी. १९५६ मध्ये खैरागढचे राजे बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी अकाली गेलेल्या मुलीच्या नावाने इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं केलं, राजवाडाच त्यासाठी दिला. त्याच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत, १९५७ ते १९६०, रातंजनकर तिथे कुलगुरू होते. खैरागढ त्या वेळी दुर्ग जिल्ह्यातच होतं; राजनांदगाव जिल्हा १९७३ मध्ये वेगळा झाला.

स्वरलिपीची वाट त्यांना गुरूंनीच घालून दिली होती. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून जमवलेल्या सुमारे १८०० बंदिशी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या, मूळ मराठीत. त्यांची स्वरलिपी साधी आहे: मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य, मींडेला वरून कमान. ते स्वतः ‘चतुर’ या नावाने लक्षणगीतं रचत. रागाचा थाट, वादी, संवादी, वेळ हे सगळं त्या गीताच्या शब्दांतच असतं आणि चालीत राग उभा असतो. म्हणजे पाठ आणि गाणं एकाच वेळी.

रातंजनकर ‘सुजान’ नावाने रचत. त्यांच्या बंदिशी ‘अभिनव गीत मंजरी’च्या तीन भागांत स्वरलिपीसह आहेत. खयाल तर आहेतच, पण दक्षिणेकडच्या वर्णमाच्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांतल्या रचनाही आहेत, संस्कृत रचनाही आहेत. मार्गबिहाग, सालगवराळी असे नवे रागही त्यांनी मांडले. शिकवण्यासाठी केलेलं काम म्हणून या बंदिशींना दुय्यम समजणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. चांगल्या बंदिशीची स्थायी खालच्या-मधल्या सप्तकात रागाचं चालणं दाखवते, अंतरा तार षड्जाकडे नेतो. सोळा मात्रांच्या तीनतालात चार-सहा आवर्तनांत कोणता स्वर सोडायचा, कोणत्यावर रेंगाळायचं, हे सगळं ठरलेलं असतं. इतक्या थोड्या जागेत चुकायला वाव नसतो, आणि लेकीसाठी लिहिणाऱ्या शूमानलाही तो नव्हता.

फरक आहे, तोही मोठा. शूमानने लिहिलं तेवढं वाजवलं की रचना पुरी झाली. बंदिश लिहून झाली की गायकाचं काम सुरू होतं. आलाप, बोल, ताना कागदावर नसतात. म्हणून एकाच ‘सुजान’ बंदिशीला गिंडे आणि कैकिणी यांच्या गळ्यात वेगवेगळं अंग मिळतं.

नातीला बंदिश पियानोवर वाजवता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. येईल, मर्यादेत. पट्टीचे स्वर स्थिर असल्याने मींड निघणार नाही. दरबारी कानडा किंवा तोडी तिला आत्ताच देऊ नका. क्रमिक पुस्तकाच्या पहिल्या भागातून यमनमधलं एखादं मध्य लयीचं लक्षणगीत घ्या. आधी ते तिला गायला लावा, हाताने ताल धरून, आणि मग उजव्या हाताने वाजवू द्या. डाव्या हाताने तूर्त फक्त षड्ज धरून ठेवायचा.