सायकलची खुर्जी

घोड्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारी पिशवी म्हणजे खुर्जी. सायकलच्या कॅरियरलाही तशी पिशवी अडकवता येते. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे सायकलवरून लॅपटॉप नेणाऱ्याची रोजीच तिच्यावर अवलंबून असते. कारण महाराष्ट्रातला पाऊस ओसरला, की ऑक्टोबर ते डिसेंबर तेथे ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. कापड जलरोधक असले, तरी पाणी शिवणीतून झिरपते. म्हणून सांधे चिकटवलेली, तोंड गुंडाळून मिटणारी पिशवी निवडावी. दुकानदार हसला तरी चालेल; आत वर्तमानपत्र ठेवून वरून तांब्याभर पाणी ओतून पाहावे. लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन बोटे वर असावा, म्हणजे खड्ड्यांचा हादरा थेट पोहोचत नाही. पायडल मारताना टाच पिशवीला लागत असेल, तर ती थोडी मागे सरकवावी.