हार्ड डिस्क बसली: सुरतेत डेटा परत मिळवायला किती खर्च येतो?

लिंबायतमधला एम्ब्रॉयडरीचा कारखानदार, डिंडोलीतला लग्नाचा फोटोग्राफर, रिंग रोडच्या मार्केटसाठी साड्यांची डिझाइनं काढणारा मुलगा, या सगळ्यांची वर्षांची कमाई खिशात मावणाऱ्या एका एक्स्टर्नल डिस्कवर असते. ती एक दिवस ‘फॉरमॅट करा’ असं सांगू लागते. मग घाबरलेलं गिऱ्हाईक पाहून कुणी दोन हजार मागतो, कुणी वीस हजार. दोन्ही आकडे रास्त असू शकतात, कारण खर्च ठरतो बिघाडाच्या जातीवरून. म्हणून दुकानात जाण्याआधी बिघाड कोणता, ते पाहा.

पहिली तपासणी: शून्य ते ३०० रुपये

केबल बदला, दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहा. पुष्कळदा दोष केबलचाच निघतो. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्कची पूर्ण क्षमता दिसत असेल आणि आवाज नेहमीसारखा असेल, तर बिघाड बहुधा कोणती फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींचा आहे, फाइली जागेवर असतात. टिक-टिक आवाज येत असेल, डिस्क फिरतच नसेल किंवा पडली असेल, तर बिघाड यंत्राचा. अशी डिस्क पुन्हा लावून पाहू नका. दर वेळी डेटा वाचणारं हेड तबकडीवर घासण्याचा धोका वाढतो.

बिघाड कुठलाही असो, ‘फॉरमॅट’ दाबू नका आणि ‘चेकडिस्क’ चालवू नका. चेकडिस्क डिस्क सुधारायला बघतो, तुमच्या फाइली वाचवायला नाही.

घरच्या घरी: सॉफ्टवेअर फुकट, डिस्क विकत

हा मार्ग फक्त नोंदींच्या बिघाडासाठी. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ही २०२० पासून मोफत मिळतं. फोटोरेकने फाइली आल्या तरी त्यांची नावं आणि फोल्डर जातात. फोटोग्राफरला ते चालेल. हजारो डिझाइनं एकेक उघडून पाहणाऱ्याचा मात्र जीव जाईल. विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचं तर आधी फुकट स्कॅन करा आणि फाइल उघडून दिसली तरच पैसे भरा. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही उतरवू नका. त्यासाठी लागणारी एक टीबीची नवी डिस्क साधारण पाच-सहा हजारांना पडते.

दुकान आणि लॅब

पुढचे आकडे ढोबळ आहेत. क्षमता, बिघाड आणि घाई यांप्रमाणे कमी-जास्त होतात.

• स्थानिक दुकानात सॉफ्टवेअरने काम: १,५०० ते ६,००० रुपये.
• मोठ्या लॅबमध्ये नोंदींचा बिघाड: ६,००० ते १५,००० रुपये.
• हेड किंवा मोटर बिघडल्यास: १२,००० ते ४०,००० रुपये, कधी त्याहूनही जास्त. यात त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे सुटे भाग लागतात.

बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा. यंत्राच्या बिघाडासाठी अहमदाबाद किंवा मुंबईची लॅब गाठायची तर डिस्क शक्यतो स्वतः न्या; रेल्वेने दोन्ही शहरं तीन-चार तासांवर आहेत.

‘फक्त सर्किट बोर्ड बदलतो’ असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. आजच्या डिस्कमध्ये बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची माहिती असते आणि ती चिप नव्या बोर्डावर घ्यावी लागते. काही पोर्टेबल डिस्क डेटा कुलूपबंद ठेवतात, त्यांचा जुना बोर्ड हरवला तर काम फार अवघड होतं.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत बुडवली होती, म्हणून हेही लक्षात ठेवा: भिजलेली डिस्क वीज देऊन पाहू नका, हेअर ड्रायरने वाळवूही नका. ओली आहे तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून लॅबला द्या.

डिस्क हातात देण्याआधी विचारा

१. तपासणीची फी किती? डेटा मिळाला नाही तर किती द्यावे लागतील?
२. डिस्क तुम्हीच उघडणार की बाहेर पाठवणार? उघडणार असाल तर क्लीन रूम, म्हणजे धूळविरहित खोली आहे का?
३. पूर्ण पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइली दाखवाल का?
४. जीएसटी आणि नवी डिस्क या रकमेत धरली आहे का?
५. तुमच्याकडे राहिलेली प्रत केव्हा पुसणार? गिऱ्हाइकांची डिझाइनं आणि लोकांच्या लग्नाचे फोटो यांची जबाबदारी डिस्कच्या मालकावर, म्हणजे तुमच्यावर असते.

उत्तरं पावतीवर लिहून घ्या आणि डिस्कचा सीरियल नंबरही टाकायला सांगा. वॉरंटी असेल तर सील तोडू देऊ नका. पण वॉरंटीत साधारणपणे डिस्क बदलून मिळते, डेटा नाही.

फसवणूक झाली तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सेवा धंद्यासाठी घेतली असेल तर समोरचा ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप घेऊ शकतो. पोट भरण्यासाठी स्वतः चालवलेल्या व्यवसायाला मात्र कायद्याने सवलत दिली आहे. दोन्ही बाबतीत पक्कं बिल हाच तुमचा पुरावा.

डेटा पुन्हा तयार करायला लागणारा खर्च लॅबच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर लॅबचा नाद सोडा. जास्त असेल तर स्वस्त दुकानात प्रयोग न करता थेट लॅबला जा. आणि डिस्क अजून धडधाकट असेल, तर आजच दुसरी विकत घ्या, सगळं तिच्यावर उतरवा आणि ती दुसऱ्या जागी ठेवा. लॅबच्या सगळ्यात छोट्या बिलापेक्षाही हे स्वस्तात होतं.