कर्तेपण आणि अध्यक्षपण

लहान व्यवसायात मालक हाच कारागीर, हाच हिशेबनीस आणि हाच विक्रेता असतो. व्यवसाय वाढला म्हणजे त्याच्यापुढे धर्मसंकट उभे राहते. सर्व कामे स्वतःच्या हाती ठेवावीत, तर ती तुंबतात. सर्व सोपवून द्यावीत, तर लक्ष सुटते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (श्लोक २२) भगवान सांगतात की, मिळवावयाचे काहीही उरले नसताही आपण कर्म करीतच असतो. पुढे (श्लोक २६) ज्ञानी पुरुषाने स्वतः नीट आचरण करून इतरांकडूनही कर्मे करवावीत, असा आदेश आहे. करणे व करविणे ही एकाच श्लोकात आली आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नवव्या अध्यायात (श्लोक १०) भगवान स्वतःस ‘अध्यक्ष’ म्हणवितात. त्यांच्या देखरेखीखाली प्रकृती चराचर प्रसवते. अध्यक्ष दृष्टी ठेवतो; दुसऱ्याच्या हातातील काम हिसकावून घेत नाही.

सभापर्वातील राजसूय यज्ञात युधिष्ठिराने अशीच कामे वाटून दिली. भोजनव्यवस्था दुःशासनाकडे, खर्च विदुराकडे, देखरेख भीष्म-द्रोणांकडे. श्रीकृष्णांनी मात्र ब्राह्मणांचे पाय धुण्याची सेवा स्वतः पत्करली. परंतु भेटी स्वीकारण्याचे काम दुर्योधनाकडे गेले. ती संपत्ती पाहून त्याचा मत्सर पेटला आणि त्यातूनच पुढे द्यूताचा अनर्थ ओढवला. काम सोपविताना केवळ नाते पाहून भागत नाही. स्वभावही पाहावा लागतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा शंभुराव जांभेकरांनी यंत्रांची व मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची बाजू सांभाळली. एकट्याच्या हातून असे कार्य उभे राहत नाही.

मात्र सोपविणे म्हणजे टाकून देणे नव्हे. नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग, आणि कष्टाच्या भयाने टाकणे हा राजस त्याग होय (१८.७-८). कटकट नको म्हणून जबाबदारी दुसऱ्याच्या माथी मारणारा मालक याच कोटीत येतो. उलट, ‘माझ्यावाचून काहीच चालणार नाही’ असे मानणारा अहंकाराने कर्तेपण ओढवून घेतो (३.२७).

सर्व उपदेश करून झाल्यावर भगवंतांनी, पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे अर्जुनास सांगितले (१८.६३). तरी रथाचे लगाम त्यांनी सोडले नाहीत आणि बाणही स्वतः सोडला नाही. घर असो वा कारखाना, कर्त्या पुरुषाने आपले लगाम कोणते आणि दुसऱ्याचे धनुष्य कोणते, हे रोज तपासून पाहावे.